हात खरा, कारण खोटे!

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा आली की आमच्या विहारांतून आरोग्य शिबिरे भरतात. चांगलीच गोष्ट आहे. पण अशाच एका शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी आम्ही एक टब पाहिला. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचे, वीज सुरू करायची. अर्ध्या तासात पाणी तपकिरी. ‘बघा, अंगातले विष बाहेर आले!’ दिवसभर हमाली करणारा आमचा माणूस ते गढूळ पाणी पाहून थक्क होतो आणि पुढच्या दहा बैठकांचे पैसे भरतो.

ते विष नव्हे, गंज आहे! मिठाच्या पाण्यात लोखंडी पट्ट्यांतून वीज गेली की लोखंड गंजते. पाय न बुडवताही पाण्याला तोच रंग येतो. विष बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, तळपाय नव्हे.

मग आमचा अंग रगडण्याला विरोध आहे काय? मुळीच नाही. दुखऱ्या कंबरेला, मानेला मालिशने काही काळ आराम पडतो, हे खरे आहे. आमच्या वस्त्यांतल्या सुइणींनी पिढ्यान्‌पिढ्या बाळ-बाळंतिणीचे अंग रगडले. (ज्यांच्या स्पर्शाचा एरवी विटाळ व्हायचा, त्यांचेच हात त्या वेळी चालत!) आजचा प्रमाणपत्रवाला मात्र सांगतो, ‘स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल पिळून काढले.’ कष्ट थांबल्यावर ते आम्ल साधारण तासाभरात आपोआप निवळते. दुसऱ्या दिवशीचा ठणका त्याचा नसतोच. आराम पडतो तो बहुधा मज्जासंस्थेमार्फत. एवढे सांगायला लाज का वाटावी?

काहीजण तर हात न लावताच रोग्याची ‘ऊर्जा’ जाणवते म्हणतात. अमेरिकेतील एमिली रोझा या शाळकरी मुलीने अशा २१ उपचारकांना पडद्याआड हात ठेवायला लावले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच विचारले. उत्तरे ४४ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी ५० आली असती! १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

आराम पडला ना, मग कारण खोटे असले तर काय बिघडले, असे आमचेच कार्यकर्ते विचारतात. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका भगिनीच्या पतीने ‘विष निघाले’ या भरवशावर मधुमेहाची गोळी सोडली. पायाची जखम चिघळली, अंगठा गेला. पावतीवर लिहिले होते फक्त ‘सेवा शुल्क’. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची किंवा जादुई उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सेवेच्या फसव्या जाहिरातीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. पण कोर्टाला पुरावा लागतो, आणि हे लोक सगळे तोंडी सांगतात.

कुणी गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (ज) ने आपले कर्तव्य ठरवले. ते विहाराच्या भिंतीवर रंगवायचे आणि खाली हा टब मांडायचा? शिबिर समित्यांनी टबवाल्याला जागा देण्यापूर्वी एवढेच सांगावे : सर्वांसमोर अर्धा तास रिकामा टब चालवून दाखव, कुणाचाही पाय न घालता.