दक्षिणेकडची पणती

धनत्रयोदशीला आपण यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतो. तेव्हा दिवाळी अंकात थडग्यांचा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडू नये. मला बोलायचे आहे ते आमच्या वऱ्हाडातल्या लहान लहान ख्रिस्ती कबरस्तानांविषयी.

“साहेबांची थडगी राखून आपल्याला काय मिळणार?” असे चांगली शिकलेली माणसे मला विचारतात. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तरी उत्तर देतो. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे लढाया झाल्या, १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, छावण्या आल्या, मिशने आली. साहेब मेले, पुरले गेले. पण खेड्यातल्या कबरस्तानात जाऊन पाहा! तेथे आपलेच लोक निजले आहेत: मिशनशाळेचे मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली पोरे. पऱ्हाटीतला कापूस वेचणाऱ्या या माणसांना परके ठरवणारे आपण कोण?

आणि सगळे साहेब तरी एका मापाचे कुठे होते? स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाचे, स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. गोंडांची गाणी त्यांनी टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. ती वर्तुळे म्हणजे आपल्या भूमीतली बिननावाची दफनेच! हिस्लॉपांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले, म्हणून ती गाणी वाचली. परदेशी माणूस बिननावाच्या दगडांसाठी घोड्यावरून रानात जातो, आणि आपल्याला मराठीत नाव कोरलेला दगडही वाचवत नाही!

अशी एक फरशी मी धुणे आपटण्याच्या जागी पाहिली आहे. अक्षरे निम्मी गेली होती. दोष एकट्या गावाचा नाही. मंडळीतली तरुण मुले पुण्या-मुंबईला गेली, कुंपण पडले, बाभळी माजल्या. मग शेजाऱ्याचा धुरा दरवर्षी हातभर आत सरकतो. पुढे मोकळी जागा म्हणून तिचा सौदाही होईल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. मंडळीने दफनाच्या नोंदवहीची दुसरी प्रत करून ठेवावी. ग्रामपंचायतीने हद्द मोजून कुंपण घालावे. शाळेच्या मुलांनी, मग ती कोणत्याही धर्माची असोत, सुट्टीत दगडांवरची नावे वहीत उतरवावीत. ही सुट्टी त्यासाठी पुरेशी आहे.