पायवाट आणि पाणवठा



गेल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. आपल्या शहरातील पर्यावरण मंडळ दर महिन्याच्या एका रविवारी डोंगरमाळावर जे पदभ्रमण काढते, त्यात आपल्या संस्थेने संस्था म्हणून सामील व्हावे, वर्गणी भरून सामूहिक सभासदत्व घ्यावे आणि वंदना, धम्मवर्ग व जयंती यांच्या जोडीने या सहलींनाही वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत स्थान द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. त्यावर चर्चा झाली असे म्हणवत नाही, हशा झाला. "गोऱ्यांचे चोचले गोऱ्यांना लखलाभ," असे एक ज्येष्ठ बंधू उद्गारले आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे जयंतीच्या जेवणाच्या कंत्राटाकडे, वळली. त्या विषयावर पाऊण तास गेला.

आम्ही तो ठराव मांडणाऱ्यांपैकी आहोत. हशाला सभेत उत्तर देता येत नाही, म्हणून संपादक मंडळाकडे स्मरणिकेची ही पाने मागून घेतली.

प्रथम 'गोऱ्यांचे चोचले' या शब्दांविषयी. हे मंडळ येत्या वसंतात ज्या डोंगरावर जाणार आहे, त्या किंडर स्काउटचा इतिहास आपल्या बंधूंनी चाळला असता तर हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसते. मँचेस्टर आणि शेफील्ड या गिरण्यांच्या व पोलादाच्या दोन शहरांच्या मधोमध ६३६ मीटर उंचीचा हा माळ पसरला आहे. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला तो रविवारी समोर दिसे. परंतु तेथे पाऊल टाकण्याची त्याला मुभा नव्हती. माळाचा मोठा भाग ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मालकीचा होता. वर्षातील मोजक्या दिवशी तेथे ग्राऊस पक्ष्यांची शिकार होई, आणि त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सगळे वर्ष राखणदार काठ्या घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, हेफील्ड गावाजवळच्या बोडेन ब्रिज येथील दगडखाणीतून सुमारे चारशे तरुण स्त्री-पुरुष त्या माळाकडे निघाले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा ज्यू कामगार होता. मोटारदुरुस्ती हा त्याचा धंदा. विल्यम क्लफ नावाच्या घळीत राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली. जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा पंच म्हणून बसलेल्यांत लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा कारावास झाला. रॉथमनला चार महिने.

हे चोचले होते काय? या माणसांनी तुरुंग भोगला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील माळ-डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांस मिळाला. २००२ साली, त्या घटनेला ७० वर्षे झाली तेव्हा, त्याच घराण्याच्या तत्कालीन ड्यूकने जाहीर क्षमा मागितली.

ही हकीकत वाचताना ज्याला महाड आठवत नाही त्याने आपण आंबेडकरी आहोत की नाही हे एकदा स्वतःस विचारावे. रावबहादुर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, तेही कागदावर. तीन वर्षे त्या कागदाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब परिषदेच्या मंडपातून निघाले, त्यांच्यामागून हजारो माणसे महाडच्या रस्त्याने शिस्तीने चालत तळ्यापर्यंत गेली, आणि कागदावरचा हक्क ओंजळीत आला. मार खाऊन आला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

दोन्ही घटना एका मापाने मोजाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. किंडरच्या कामगाराला माळ बंद होता, पाणी बंद नव्हते. त्याच्या स्पर्शाने माळ विटाळला असे म्हणून कोणी तो शेणा-गोमूत्राने शुद्ध करून घेतला नाही. चवदार तळ्याच्या वाट्याला मात्र ती विटंबना आली. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जे सर्वांचे आहे ते मूठभरांनी अडवले होते, आणि ते मोकळे झाले ते चालत गेलेल्या माणसांमुळे. या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९८० च्या महामार्ग कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षे विनाअडथळा, कोणाची परवानगी न मागता, हक्काने चालत राहिले, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. मालकाला तसे नको होते याचा पुरावा तेवढा पुढे येता कामा नये. मिळालेला हक्क जपावाही लागतो. डार्टमूरच्या माळावर रात्री तंबू ठोकून राहण्याचा पूर्वापार हक्क जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने नाकारला, जुलैमध्ये वरिष्ठ न्यायालयाने परत दिला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. हा लढा लढणाऱ्यांत या मंडळासारख्या संस्थांचे सामान्य सभासद होते. त्यांत आपण किती होतो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "बाबासाहेब डोंगर चढायला विलायतेस आले नव्हते, ग्रंथालयात बसायला आले होते." खरे आहे. ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले. परंतु कशासाठी? 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू मांडली आहे, आणि ती मांडताना फुरसतीचे मोल सांगितले आहे. माणसाला पशूहून वेगळे जीवन जगायचे तर त्याला फुरसत हवी, आणि ती मूठभरांनाच नको, सर्वांना हवी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा त्यांनीच १९४६ साली पुढे नेला. त्या फुरसतीचे आपण काय करतो? जादा पाळी आणि दूरचित्रवाणी. दरवर्षी आपली बस लंडनला किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी जाते, दारात छायाचित्रे निघतात आणि बस परत फिरते. तेथून प्रिमरोज हिल पायी काही मिनिटांवर आहे. आजवरच्या एकाही सहलीत आपण ती टेकडी चढलेलो नाही.

येथेच आम्हांस पर्यावरणवाद्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण आम्ही त्यांचे भाट नाही. मंडळातील मंडळी सहृदय आहेत, परंतु त्यांतील काहींच्या डोक्यात हिंदुस्थानातील खेड्याचे एक साजिरे चित्र असते. "तुमच्या गावी सारे किती निसर्गाला धरून असेल!" असे एका बाईंनी आम्हांस विचारले. आम्ही त्यांना सांगितले की आमची वस्ती गावकुसाबाहेर होती, नदीवर आमचा पाणवठा गावाच्या खालच्या अंगाला होता, आणि मेलेले ढोर ओढून नेणे हा आमच्या आज्याचा निसर्गाशी आलेला संबंध होता. बाई गप्प झाल्या. पुढचा मैलभर त्या आमच्याबरोबर चालत प्रश्न विचारीत होत्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर मत मांडले ते त्या बाईंनी त्या दिवशी प्रथम ऐकले. आम्ही गेलो नसतो तर ते त्यांना कोणी सांगितले असते? पाणी कोणाचे, जमीन कोणाची, घाण कोणाच्या दारात, हे पर्यावरणाचे प्रश्न आहेत, आणि ते महाडला १९२७ साली विचारले गेले होते. 'पर्यावरण हा आपला विषय नव्हे' असे म्हणणारे आपले बंधू आपलीच मिळकत दुसऱ्याच्या नावे करून देत आहेत.

तिसरा आक्षेप सभेत कोणी घेतला नाही. तो आमच्या घरातच निघाला, आणि त्याच्यापुढे आम्ही अजूनही थोडे अडखळतो. हे मंडळ वर्षातून दोनदा कालव्याकाठचा कचरा उचलते. आमच्यातील एका मुलाने त्यासाठी नाव दिले. त्याच्या आजी वऱ्हाडातल्या, सत्तरी उलटलेल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं झाडू टाकला तो बाबासाहेबांच्या शब्दाखातर. तू तो हौसेनं उचलतोस?" मुलगा बारावीच्या वयाचा, त्याच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही तत्काळ नव्हते.

नंतर विचार करता असे वाटले की जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, ही बाबासाहेबांची मांडणी येथे उपयोगी पडते. कालव्याकाठी निवृत्त मुख्याध्यापक, वकील, परिचारिका आणि बसचालक एकाच रांगेत चिमटे घेऊन उभे असतात. संध्याकाळी ते काम कोणाच्या नावाला चिकटून घरी येत नाही. गावकीची वेठ आणि हे काम यांत हा फरक आहे. तरीही आम्ही संस्थेला असे सुचवतो की कचरा उचलण्याच्या दिवशी संस्थेने कोणावरही आग्रह धरू नये. आजींचा नकार हा अडाणीपणा नाही. त्यांच्या पिढीने तो नकार फार महाग घेतला आहे, आणि त्याचा मान राखूनच हा कार्यक्रम चालला पाहिजे. महार वतनाच्या वेठीत हुकूम होताच सरकारी सामान वाहून, टपाल पोचवून, पाहुण्याच्या घोड्यापुढे धावून ज्यांचे पाय झिजले, त्यांना आपण 'चालणे आरोग्यास हितकर' म्हणून शिकवू नये.

याच आजी मात्र पदभ्रमणास आल्या. नऊवारी, वर लोकरी अंगरखा आणि पायांत नातवाचे जुने बूट. एका कुरणातून वाट जात होती आणि वाटेत गुरे उभी होती. मंडळाचे चार-पाच सभासद कुंपणापाशीच थबकले. आजी तोंडाने एक विशिष्ट आवाज काढीत सरळ पुढे गेल्या आणि गुरे बाजूला झाली. पुढे कुंपण ओलांडण्याच्या लाकडी पायऱ्यांवर एक फलक होता: पाऊलखुणांखेरीज मागे काहीही ठेवू नका. नातवाने तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. आजी थांबल्या. "बाळा, पुन्हा वाच," म्हणाल्या.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, आपल्या पावलाची खूण मागे राहू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या निबंधात नोंदवले आहे. आजींनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांना ते आपल्या आजीकडून ठाऊक होते. त्या फलकापाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. चिखलात उमटलेल्या बुटाच्या ठशाकडे पाहत होत्या.

सगळेच गोड झाले असे नाही. पहिल्या सहलीला वाहनतळावर एका अनोळखी गृहस्थांनी आम्हांस "रस्ता चुकलात काय?" असे विचारले. प्रश्नात मदत होती की हटकणे, हे आम्हांस आजही ठरवता आलेले नाही. खेड्यातल्या चहाच्या दुकानात माना वळल्या. परंतु मंडळात कोणी आडनावावरून जात शोधली नाही. ते आपल्याला या देशात घडले आहे ते आपल्याच देशबांधवांच्या मेळाव्यांत. त्यावरील कायद्याचे आश्वासन २०१३ मध्ये संसदेने दिले आणि २०१८ मध्ये सरकारने मागे घेतले, हे आपण विसरलेलो नाही. माना वळतात म्हणून घरी बसायचे असते तर महाडला कोणी गेलेच नसते.

धम्माच्या दृष्टीनेही एक सांगावेसे वाटते. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली. पावसात भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव चिरडतात अशी लोकांची तक्रार आली तेव्हा वर्षावासाचा नियम घातला. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे आपण दर जयंतीच्या भाषणात ऐकतो, आणि भाषण संपल्यावर सभागृहामागे प्लॅस्टिकच्या ताटल्यांचा ढीग ठेवून घरी जातो. याविषयी अधिक लिहीत नाही. जेवणाचे कंत्राटदार रागावतील.

किंडरची सहल २४ एप्रिलच्या लगतच्या रविवारी, म्हणजे जयंतीनंतर लगेचच आहे. बस विहारापासून सकाळी साडेसात वाजता सुटेल आणि हेफील्डला उतरवील. बोडेन ब्रिजच्या खाणीत १९३२ च्या स्मरणाची पाटी आहे. तेथे आम्ही त्रिशरण-पंचशील घेऊन निघू. वर वारा फार असतो. घोट्यापर्यंतचे बूट आणि पावसाळी अंगरखा आवश्यक आहे. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांनी मापे आधी कळवावीत, मंडळाकडे वापरलेले पण चांगले जोड आहेत. लहान मुलांनी आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जलाशयापर्यंत येऊन थांबले तरी चालेल. भाकरी आणि ठेचा आजी आणणार आहेत.

ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही पुन्हा मांडणार आहोत. या वेळी तो जेवणाच्या कंत्राटाच्या आधी घ्यावा, अशी अध्यक्षांस नम्र विनंती आहे.