कर्ज, कापूस आणि महासत्ता

बचत गटाच्या हिशेबाला बसलो की वह्या मिटेपर्यंत जगातले सगळे विषय होऊन जातात. मागे एकदा असाच विषय निघाला. ‘ताई, अमेरिका बुडते म्हन्तात, खरं काय?’ एकीनं विचारलं. दुसरी लगेच म्हणाली, ‘बुडो बापा, आपलं काय जाते!’ तिच्या घरचा कापूस तेव्हा वेचणीला आला होता. आपलं काय जातं, हा प्रश्न मला मोठा वाटला. टीव्हीवरची तज्ज्ञ मंडळी त्यावर फारसं बोलत नाहीत. ती रोमचा दाखला देतात, दोन-चार आकडे सांगतात आणि जाहिराती सुरू होतात.

मैत्रिणींनो, बुडालेलं राज्य कसं दिसतं ते बघायला आपल्याला रोमला जायची गरज नाही. आमच्या तिवसा तालुक्यातच वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथे जातो, आषाढीला तिथून पालखीही निघते. पण हे गाव म्हणजे जुन्या विदर्भाची राजधानी. साठच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्या काळातल्या आणि त्याही आधीच्या वस्तीचे अवशेष निघाले. राजधानी गेली, तरी गाव राहिलं आणि माहेरही राहिलं.

पुढे याच मुलखात वाकाटक आले. त्यांची एक शाखा नंदिवर्धनला, दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे आपल्या वाशीमला. नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावानं राज्य चालवणारी प्रभावतीगुप्ता याच घराण्यातली. (शाळेच्या पुस्तकात तिला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ!) हरिषेण राजाच्या काळात हे राज्य ऐन भरात होतं, अजिंठ्याची उत्तम लेणी तेव्हाच खोदली गेली. आणि त्याच्यामागे थोड्याच वर्षांत सगळं विस्कटलं. मांडलिक फिरले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अजिंठ्याला काही लेणी अर्धवट खोदलेली दिसतात ना, ती कारागिरांची मजुरी थांबल्याची खूण आहे असं मला नेहमी वाटतं. गंमत म्हणजे पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य संपलं ते इ. स. ४७६ मध्ये, म्हणजे जवळपास त्याच सुमाराला.

रोमचं दुखणं मात्र जुनं होतं. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं तक्रार लिहून ठेवली आहे की वर्षाला पाच कोटी सेस्टर्स एकट्या भारताकडे जातात. मिरी, मोती, तलम सुती कापड घ्यायला. हे कापड आपल्या तेरहून, पैठणहून भडोचच्या बंदरात जायचं. आणखी एका ठिकाणी तो चीन आणि अरबस्तानही जोडतो, आकडा दहा कोटींवर नेतो आणि खापर फोडतो ते चैनीवर आणि बायकांवर! दोन हजार वर्षं झाली, घरातला खर्च वाढला की बोट कुणाकडे जातं ते बदललेलं नाही. खरं म्हणजे रोमची तिजोरी पोखरली ती सैन्याच्या पगारानं आणि लांबलेल्या सरहद्दींनी. पगार भागेना म्हणून सम्राटांनी नाण्यातली चांदी कमी करायला सुरुवात केली. ऑगस्टसच्या वेळी दिनार जवळजवळ शुद्ध चांदीचा होता, इ. स. २७० च्या आसपास त्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती. वर चांदीचा मुलामा, आत तांबं. नाणं हलकं झालं तशी महागाई वाढली.

आता आपल्या वऱ्हाडाची गोष्ट. ती तर मला रोमपेक्षाही जवळची वाटते. वऱ्हाड निजामाचं होतं. त्याच्या राज्यात इंग्रजांनी एक फौज उभी केली, ‘हैदराबाद कंटिन्जंट’. नाव निजामाचं, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार निजामाच्या माथी. पगार थकला की इंग्रज भरायचे आणि कर्ज म्हणून मांडून ठेवायचे. सावकार काय वेगळं करतो? १८५३ मध्ये डलहौसीनं हिशेब पुढे केला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. एक गोळी सुटली नाही. पुढे १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेऊन टाकलं. मुलूख गेला, पण रुबाब उरला. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. शेत सावकाराकडे आणि सातबाऱ्यावर नाव आपलं, त्यातलाच हा प्रकार!

आता अमेरिकेकडे वळू. तिचं सरकारी कर्ज २०२५ च्या ऑक्टोबरात ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिनं नुसत्या व्याजापोटी जेवढा पैसा दिला तो संरक्षणावरच्या खर्चापेक्षा जास्त होता. जगभर तिचे लष्करी तळ. अफगाणिस्तानात वीस वर्षं लढून २०२१ च्या ऑगस्टमध्ये फौज परतली, आणि ज्यांना घालवायला गेली होती तेच तालिबान पुन्हा गादीवर बसले. नाण्यातली चांदी कमी करण्याचा प्रकार तिनंही एका अर्थी केला आहे. १९७१ मध्ये निक्सननं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. देशोदेशीच्या बँका जी परकी गंगाजळी ठेवतात तीत पंचवीस वर्षांपूर्वी डॉलरचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२४ मध्ये ५८ टक्क्यांवर आला.

एवढं वाचून ‘झालं, संपली अमेरिका’ म्हणायचा मोह होतो. पण जरा थांबा. निजामाचं कर्ज दुसऱ्याच्या वहीत होतं. अमेरिकेचं कर्ज तिच्याच डॉलरमध्ये आहे आणि डॉलर छापायचं यंत्र तिच्या घरात आहे. वही, शाई, सावकारीचे नियम, सगळं तिचंच. शिवाय जगातली हुशार मुलं अजूनही तिकडेच जायला बघतात, आपल्या अमरावतीचीही. १९८७ मध्ये पॉल केनेडी या इतिहासकारानं महासत्तांच्या उदयास्तावर गाजलेला ग्रंथ लिहिला. झेपेपेक्षा जास्त पसारा मांडला की महासत्ता खचते, हे त्याचं सूत्र. सूत्र चूक नव्हतं, पण चारच वर्षांत, १९९१ ला, कोसळलं ते सोव्हिएत रशिया!

बाहेरून बघणाऱ्याला हे कळतच नाही. १९४२ मध्ये आमच्या तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, आष्टी-चिमूरला गोळ्या झाडल्या. तेव्हा कुणाला वाटलं असेल की पाचच वर्षांत हे लोक निघून जाणार? आणि तरी ब्रिटन बुडालं नाही. १९५६ मध्ये सुवेझ कालव्यासाठी त्यानं इजिप्तवर चढाई केली, तेव्हा अमेरिकेनं पौंडाच्या बाबतीत हात आखडता घेतला आणि ब्रिटनला मुकाट्यानं माघारी यावं लागलं. मला वाटतं, अमेरिकेची वाट रोमपेक्षा ब्रिटनची असेल. कोसळणार नाही, आकसत जाईल.

पण आकसणारी महासत्ता गरीब गाय नसते. वऱ्हाडला याचा अनुभव आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारीच्या जागी कपाशी लावली. युद्ध संपलं, भाव पडला, पेरा मात्र वाढतच राहिला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं मेली, तेव्हा शेतात कापूस होता, पोटाला दाणा नव्हता. पुढे अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना भरमसाट अनुदान देत राहिली. ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत तिच्याशी भांडला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन गप्प बसला. आपल्या शेतकऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही.

आणि २०२५? ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लादलं. कापड गिरण्या ओरडल्या. त्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस घरी यायचा काळ! लांब धाग्याला हमीभाव ८,११० रुपये होता, पण खासगी व्यापाऱ्यानं त्याच्या खाली बोली लावली. ओला कापूस म्हणून केंद्रावरून परत आलेली गाडी ज्या बाईच्या दारात उभी राहिली, तिला वॉशिंग्टन आणि तिवसा यांतलं अंतर कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

‘आपलं काय जाते’ म्हणणाऱ्या त्या मैत्रिणीच्या घरी तेव्हा दोन खोल्या कापसानं भरल्या होत्या आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची राहिली होती.