आधी वाटाड्या, मग पाणी

मंडळाच्या बैठकीत दिवाळीनंतरच्या सहलीचा विषय निघाला आणि ‘दूधसागर!’ असा एकच गलका झाला. कुळ्याहून जीप, धबधब्याखालचा डोह, फोटो. मी गप्प बसले. ‘तुला काय प्रॉब्लेम आहे?’ असं कुणीतरी विचारलं, तेव्हा खरं सांगितलं नाही. इथे सांगते. मला पोहता येत नाही.

संकेश्वरात, हिरण्यकेशीच्या काठी वाढलेल्या मुलीला पोहता येऊ नये याचं हसू येईल. पण आमच्या घरी भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले आणि आम्ही बहिणी धुणं घेऊन काठावर राहिलो. नंतर मैत्रिणींना विचारलं, तर बहुतेकींची हीच गोष्ट. काही मुलांचीही; ते बोलत नाहीत एवढंच.

चार वर्षांपूर्वी मरीयेच्या जन्मोत्सवाला, ८ सप्टेंबरला, आम्ही आजऱ्याला मावशीकडे होतो. मिस्सा झाली, जेवणं झाली आणि सगळी भावंडं रामतीर्थावर गेलो. लख्ख ऊन होतं. मुलं पाण्यात उतरली. काठावर म्हैस धुणारे एक काका अचानक ओरडले, ‘भाइर या रं, पाणी बदललंय!’ आम्हाला काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं. पाणी गढूळ झालं होतं, काटक्या-पाला वाहत येत होता. अर्ध्या तासात आमच्या चपला ठेवलेला कातळ पाण्याखाली गेला. वर आंबोलीला पाऊस झाला होता, खाली ऊन.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. वाटाड्या म्हणजे रस्ता दाखवणारा नव्हे, पाणी वाचता येणारा माणूस. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपण बातमी वाचून हळहळतो आणि पुढच्या रविवारी तसंच निघतो. धबधब्याच्या पायथ्याशी पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि फेसाळ पाण्यात तरंगणंही अवघड होतं, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो. शेवाळलेल्या कातळाला तर पोहण्याशी देणंघेणंच नाही.

दूधसागरला माझा विरोध नाही. तिथे निदान वनखात्याची चौकी आहे, लाइफ जॅकेट आहे. पण यंदा आपलीच नदी का पाहू नये? आंबोलीला हिरण्यकेशी उगमाच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा सापडला, २०२० मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. म्हणजे ते कुंड डुंबायला नाहीच, पाहायला आहे. तिथून रामतीर्थ, मग गडहिंग्लज, आपला पूल. पुढे हेच पाणी घटप्रभेला मिळून गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं. २०१९ च्या पुरात जी नदी गावात घुसली, तिची एवढी तरी ओळख हवी. आंबोलीला मराठी बोलणारा वाटाड्या घेऊ, गोकाकला कन्नड बोलणारा. आपल्याला दोन्ही भाषा येतात, त्याचा उपयोग होईल.

‘वाटाड्या म्हणजे जादा खर्च आणि मजा कमी,’ असं बैठकीत म्हटलं गेलं. खर्च गाडीभर मुलांत वाटला की वडापावाइतका उरतो. आणि मजेचं म्हणाल तर, माझ्या ओळखीच्या निम्म्या मुलींना अशा सहलीची परवानगीच मिळत नाही. ‘कोण असणार बरोबर?’ या आईच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. वाटाड्याचं नाव, त्याचा फोन, परतायची वेळ आणि पाण्यात कुठे, किती खोल उतरणार हे एका कागदावर लिहून घरी दिलं, तर किती जणी येतील बघा. मग वाटाड्या ‘बाहेर’ म्हणाला की बाहेर. रील अर्धं राहिलं तरी.

येत्या बैठकीत मी हा प्रस्ताव मांडणार आहे. सोबत पोहता न येणाऱ्यांची यादीही करू, म्हणजे जॅकेटं किती लागतील ते कळेल. पहिलं नाव माझं लिहा.