तुकड्याचा रिपोर्ट उशिरा का येतो?

‘डॉक्टर, तुकडा तपासायला देऊन आठवडा झाला. आता म्हणतात, आणखी एक रंग करावा लागेल, त्याचे वेगळे पैसे भरा.’ ही तक्रार रुग्णांचे नातेवाईक नेहमी करतात. पैसे उकळण्याचा प्रकार असावा, असा त्यांना संशय येतो. माझ्या मते बहुतेक वेळा तो रास्त नसतो.

बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात व रंगवतात. नेहमीच्या रंगांत पेशींचा आकार दिसतो. पण पेशीत साठलेला पदार्थ कोणता, हे दर वेळी कळत नाही. त्यासाठी ‘पीएएस’ हा खास रंग आहे. १९४६ साली मॅकमॅनस यांनी त्याने श्लेष्मा, म्हणजे पेशींतील बुळबुळीत स्राव, रंगवून दाखवला. मात्र शरीरात साखर ज्या रूपात साठते ते ग्लायकोजेनही याच रंगाने किरमिजी होते. मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे?

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेतील एन्झाइम पिष्टमय पदार्थ फोडून त्याची साखर करते. ते ग्लायकोजेनही फोडते, श्लेष्म्याला मात्र धक्का लावत नाही. म्हणून एकाच तुकड्याचे दोन काप घेऊन एकावर डायस्टेज हे त्याच प्रकारचे एन्झाइम घालतात, दुसरा तसाच ठेवतात आणि दोन्ही रंगवतात. एन्झाइम घातलेल्या कापातला रंग नाहीसा झाला तर ते ग्लायकोजेन. टिकला तर दुसरे काही, बहुधा श्लेष्मा. पूर्वी काही प्रयोगशाळांत यासाठी चक्क लाळ वापरत!

फुफ्फुसाची गाठ कर्करोगाची आहे, एवढे कळून भागत नाही. पेशींच्या आत टिकून राहणारा रंग दिसला, तर तो ग्रंथीजन्य कर्करोग असल्याला बळकटी मिळते. कर्करोगाच्या जातीप्रमाणे औषधे बदलतात. लहान मुलाचे यकृत वाढलेले असून पेशी ग्लायकोजेनने फुगलेल्या आढळल्या, तर जन्मजात दोषाचा शोध घेता येतो.

आज याहून नेमक्या तपासण्या आहेत. गरज असेल तेथे त्या कराव्यातच. पण त्या महाग पडतात. साध्या रंगाने प्रश्न सुटत असेल तर तो आधी करावा, आणि त्यासाठी लागणारे एक-दोन दिवस आपण द्यावेत. घाईचा रिपोर्ट चुकला तर उपचारही चुकतात.

आपणही तीन गोष्टी पाळाव्यात. तुकडा साध्या पाण्यात न ठेवता डॉक्टरांनी दिलेल्या फॉर्मेलिनच्या बाटलीतूनच न्यावा. जुने सर्व कागद सोबत द्यावेत. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास मेणाचा ठोकळा आणि काचा मागून घ्याव्यात.