शेतकरणीच्या चेहऱ्यावरचा उसना उजेड

व्यक्तिचित्रांच्या आपल्याकडील प्रदर्शनांत एक बाई वारंवार भेटते. साठी ओलांडलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर नऊवारी, डोईवर पदर, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे. उजेड तिच्या एका गालावर बाजूने, किंचित वरून पडतो. दुसरा गाल तपकिरी अंधारात बुडालेला असतो आणि त्या अंधारात डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. रेम्ब्राँच्या नावाने ओळखला जाणारा हा त्रिकोण कलाशाळेतील विद्यार्थ्यालाही जमतो. चित्राखाली ‘शेतकरीण’ किंवा ‘ग्रामीण स्त्री’ एवढेच लिहिलेले असते. मग समीक्षक येतो आणि ‘छायाप्रकाशाचा विलोभनीय खेळ’ असे लिहून मोकळा होतो.

खेळ विलोभनीय असेलही. पण तो त्या बाईच्या आयुष्यात कधी घडलेला नाही. चित्रकाराच्या खोलीत घडलेला आहे.

मुळशी तालुक्याचेच उदाहरण घेऊ. भाताचा, त्यातही आंबेमोहोराचा हा मुलूख. येथील शेतकरीण वर्षातले सर्वांत कष्टाचे दिवस आवणीत काढते, आणि ते दिवस भर पावसाचे असतात. ताम्हिणीकडून ढग उतरले की उजेडाला दिशाच उरत नाही, आणि दिशा नाही म्हणून ठळक सावलीही नाही. बाई खाचरात वाकलेली असते, डोक्या-पाठीवर इरले किंवा प्लास्टिकचा कागद. वरचा उजेड पाठीवरच अडतो. चेहऱ्यावर येतो तो खाचरातल्या गढूळ पाण्यावरून परतलेला, म्हणजे खालून, हनुवटीकडून. उन्हाळ्यात राब भाजताना डोळे धुराने मिटलेले असतात आणि डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणी काळ्या करून टाकते. घरात चुलीचा जाळ पुन्हा खालूनच येतो. या तिन्ही ठिकाणी तो सुबक त्रिकोण पडणे अशक्य आहे. त्यासाठी तिला खाचरातून उठवून खुर्चीवर बसवावे लागते, इरले काढून पदर द्यावा लागतो आणि शेजारी दिवा ठेवावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, हा केवळ तंत्राचा भाग आहे. तसे नाही. बाजूने आलेला उजेड कातडीवरची प्रत्येक घडी उठावदार करतो. सुरकुती खोल दिसते ती वयाइतकीच दिव्याच्या कोनामुळेही. तोच चेहरा पावसाळी उजेडात पाहिला तर सुरकुत्या मवाळ होतात आणि दिसू लागते वेगळेच काही: थकवा, कंटाळा, कधी आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाविषयीचा स्पष्ट संशय. तिरकस दिवा हे सारे पुसून त्या जागी ‘सोशिकपणा’ रंगवतो. सोशिक बाई भिंतीवर शोभते. संशयी बाई शोभत नाही.

ही सवय आजची नाही. सर ज. जी. कलाशाळेत विलायती वळणाच्या अभ्यासातून छायाप्रकाशाचे शास्त्र आपल्याकडे रुजले. त्या शाळेत एक्केचाळीस वर्षे घालवलेल्या म. वि. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी जातवार, धंदेवार स्त्रियांची जलरंगचित्रे काढली. धुरंधरांचा हात थोर होता, त्याविषयी वाद नाही. त्यांचे रेखाटन आजच्या प्रात्यक्षिकवाल्यांना शिकवणी लावून मिळणार नाही. पण पुस्तकाची मांडणीच अशी की बाई म्हणजे नमुना. ते पुस्तक १९२० चे. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२१ मध्ये, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्यांत तेथील स्त्रियाही होत्या. ज्या वर्गाची स्त्री चित्रात ‘नमुना’ म्हणून उभी होती, ती येथे स्वतःच्या जमिनीसाठी उभी राहिली. सेनापती बापटांचा चेहरा आपण ओळखतो. या बायकांपैकी एकीचा तरी चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो का? धरण झालेच. मुळेचे पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून १९२७ पासून वीज निघू लागली आणि मुंबईला गेली. मुळशीच्या संदर्भात उजेड हा शब्द निरागसपणे वापरता येत नाही, तो यामुळे.

उलट उदाहरण हवे असेल तर व्हॅन गॉगचे घ्यावे. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने नेदरलँड्समधील न्यूनन गावी शेतकऱ्यांचे सुमारे चाळीस चेहरे रंगवले. त्यांतील कित्येक बायका खिडकीकडे पाठ करून बसलेल्या. चेहरा जवळजवळ काळवंडलेला. ‘बटाटे खाणारे’ या चित्रात टेबलावर टांगलेला एकच दिवा आहे आणि तो त्या घराचा आहे. अंधारही त्या घराचाच. त्यातल्या तरुणीचे नाव, खोर्दिना द ख्रोट, आजही सांगता येते. (त्याच व्हॅन गॉगच्या जोड्यांच्या चित्रावरून हायडेगरने एक आख्खी शेतकरीण कल्पिली, ते जोडे बहुधा चित्रकाराचेच होते, असे मायर शापिरोने १९६८ साली दाखवून दिले. समीक्षकांना शेतकरीण चित्रात नसली तरी चालते, ती अशी.)

आपल्याकडेही हे जमलेले आहे. फक्त शेतकरणीच्या बाबतीत नव्हे. सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ पाहावे. लोक ते खुशाल रविवर्म्याच्या नावावर खपवतात. दिवा मुलीच्या हातात आहे, ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून तांबूस उजेड झिरपतो आहे, तोच तिच्या चेहऱ्यावर आहे. उजेडाचे कारण चित्रातच आहे. ती मुलगी चित्रकाराची कन्या गीता, हेही सर्वांना ठाऊक. घरच्या मुलीला स्वतःचा दिवा आणि स्वतःचे नाव मिळते. शेतकरणीला दोन्ही उसने, किंबहुना नाव तर तेवढेही नाही.

‘मग आम्ही काय प्रचारचित्रे काढावीत?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रचार तर चालू चित्रांतच आहे. मुळशीच्या डोंगरउतारांवरची शेते गेल्या काही दशकांत बंगल्यांच्या वसाहतींसाठी विकली गेली. लवासाचा वाद तर याच तालुक्यातला, २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला तेव्हा देशभर गाजलेला. अशा बंगल्यांच्या दिवाणखान्यात हीच सुरकुतलेली, तृप्त, सोनेरी बाई छान दिसते. तिला पाहून कुणालाही विचारावेसे वाटत नाही की बाई, तुमची जमीन कुठे होती आणि किती रुपयांना गेली. तिचा चेहरा तसे विचारू न देण्यासाठीच उजळलेला असतो.

चित्र विकले जाते म्हणून काढले, असे एखादा चित्रकार सरळ म्हणाला तर माझी तक्रार निम्मी होईल. पोट त्यालाही आहे. उरलेली तक्रार समीक्षकांविषयी आणि पारितोषिके देणाऱ्या परीक्षकांविषयी आहे. चित्रासमोर उभे राहून त्यांनी एवढेच विचारावे: हा उजेड कुठून आला? ही बाई कोणत्या गावची, तिला बसण्याचे किती पैसे दिले आणि पूर्ण झालेले चित्र तिने पाहिले का?