माशांना खाऊ घालण्याचा गृहपाठ

दिवाळीच्या सुट्टीआधी मी दुसरीच्या मुलांना एक गृहपाठ दिला होता: ‘एका मुक्या जीवाला रोज खाऊ घाला आणि पाच ओळी लिहा.’ आपण सगळेच देतो असा. भूतदया, परिसर आणि लेखन, म्हणजे एका दगडात तीन पक्षी. (भूतदयेसाठी ही म्हण बरी नाही, पण असो.)

सुट्टी संपल्यावर एक मुलगा वही न घेताच आला. इथेच रावेतमध्ये त्यांचं रो-हाऊस आहे. मागच्या अंगणात सिमेंटचा छोटा हौद, त्यात सात रंगीत कोई मासे. त्यातले पाच मेले. घरी कोणीतरी रागाच्या भरात म्हणालं, “तूच मारलेस.” मला तो एवढंच म्हणाला, “मॅडम, मी तर रोज खायला दिलं.”

खरंच दिलं होतं. ब्रेड, बिस्किटं, चकली, सकाळ-संध्याकाळ. शेवटच्या दिवशी पहाटे मासे पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करत होते. त्याला वाटलं, भूक लागलीय. म्हणून त्याने आणखी दिलं.

पालकहो, इथे जरा थांबा. ती भूक नव्हती, श्वास कोंडला होता. कोईला आपल्यासारखं जठर नसतं, त्यामुळे एका वेळी थोडंच पचतं. उरलेलं तळाशी कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून अमोनिया पाण्यात मिसळतो तो वेगळाच. रात्री शेवाळही प्राणवायूच घेतं, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट अवस्था असते. अशा वेळी ताजी हवा आणि थोडं थोडं पाणी बदलणं हा उपाय, ब्रेड नव्हे. आणि एरवीही कोई पावलांची चाहूल लागली की तोंड वर करून येतातच. त्यांना सवय लागते. आला म्हणजे उपाशी आहे, असं नसतं.

हे मला तरी कुठे माहीत होतं? डीएडला प्राण्यांवर प्रेम करा हे शिकवलं, पण प्रेम करण्याआधी त्याला पोट कसलं आहे ते बघा, हे काही शिकवलं नाही.

आपल्याकडे माशांना खाऊ घालणं हे पुण्याचं काम. देहूला इंद्रायणीच्या घाटावर आपणही लहानपणी चुरमुरे टाकलेत. महाडजवळच्या वाळण कोंडीतले मासे तर देवीचे म्हणून कोणी पकडतही नाही आणि भाविक त्यांना चुरमुरे घालतात. त्या श्रद्धेने ते मासे राखले गेले, हे मी मान्य करते. पण वाहत्या नदीचा डोह वेगळा आणि अंगणातला हौद वेगळा. जपानमध्ये निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी 19व्या शतकात साध्या कार्प माशातून हे रंग निवडून वाढवले. हौदात त्या माशाला पळून जायला जागा नाही. तिथे आपण देऊ तेच त्याचं पाणी.

एक पालक म्हणाल्या, “अहो, देण्याची वृत्ती तरी लागू द्या मुलांना!” लागू द्या ना. पण पाच मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं, उरलं तर जाळीने काढायचं, थंडीत आणखी कमी, हेसुद्धा देणंच आहे. आणि हे कळलं नसेल तर मुलाला दोष देऊ नका. (डबा पूर्ण संपवलाच पाहिजे म्हणून पाठी लागणाऱ्या आयांमध्ये मीही आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.)

मी वर्गात काचेच्या बरणीत पाणी घेऊन ब्रेडचा तुकडा टाकला. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर मुलांनी नाकं धरली. कुणालाही समजवावं लागलं नाही. मग त्या मुलाला सर्वांसमोर सांगितलं, की चूक माझ्या गृहपाठाची होती.

आता गृहपाठाची वाक्यं बदलली आहेत: आधी दोन दिवस नुसतं पाहा, मग मोठ्यांना विचारून घाला, किती घातलं ते लिहा. त्याच्या हौदात दोन मासे उरलेत. परवा त्याने वही दाखवली. मंगळवारच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आज घातलं नाही. कालचं तळाला होतं.’